वाघोटन खाडीकाठचं उन्हाळी पीक २०२५ : कोळंबी तलावातल्या प्रोबायोटिकच्या नोंदी

८ फेब्रुवारी

चारही तलाव भरले. प्रत्येकी अर्धा हेक्टर, पाणी सव्वा मीटरच्या थोडं वर. तळ भेगा पडेपर्यंत वाळवला होता, मधल्या खड्ड्यातला काळा गाळ खरवडून बांधाबाहेर टाकला, चुना मारला. उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी घेताना दुहेरी जाळीची पिशवी लावली. ब्लीचिंग मारून आता क्लोरीन उडून जायची वाट.

क्लोरीन पाण्यात असेपर्यंत प्रोबायोटिकचं, म्हणजे उपयोगी जंतूंच्या पावडरीचं, पुडकं फोडायचं नाही, हे गड्यांना दोनदा सांगितलं. जंतू मारायचं औषध आणि जंतू सोडायचं औषध एकाच आठवड्यात मारलं, तर दुसऱ्याचे पैसे सरळ खाडीत जातात. क्लोरीन तपासायच्या किटमध्ये रंग येणं पूर्ण थांबलं की मगच.

प्रकल्पाची मांडणी काकांशी बसून ठरवली:

तलाव १ : पाण्यात (पावडर आणि आंबवणही), तळाला आणि खाद्यातून, तिन्हीकडे प्रोबायोटिक.
तलाव २ : फक्त खाद्यातून.
तलाव ३ : फक्त गूळ-कोंड्याचं घरचं आंबवण, त्यात विरजणापुरती विकतची पावडर.
तलाव ४ : यातलं काहीच नाही. चुना, खनिजं, पंखे मात्र इतरांसारखेच.

एकेका तलावावरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, हे मलाही कळतं. प्रत्येक प्रकाराला निदान तीन तलाव हवेत. तेवढे तलाव आणि तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत. तरीही चौथा तलाव कोरा ठेवायचाच असा मी हट्ट धरला. आमच्या खाडीवर सगळे सगळ्या तलावांत सगळं मारतात. पीक आलं तर पावडरीमुळे, गेलं तर हवामानामुळे.

१५ फेब्रुवारी

बीज यायच्या आधी पुडकी तपासून घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांची तीन, नावं इथे लिहीत नाही. तिन्हींवर बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस वगैरे नावं आणि ग्रॅमला अब्जांत आकडे.

घरची प्रयोगशाळा म्हणजे काकींचा जुना कुकर, काचेच्या बश्या आणि बल्ब लावलेला थर्माकोलचा खोका. पावडर पाण्यात कालवून ८० अंशाला दहा मिनिटं ठेवली. एवढ्या उष्णतेत जिवंत पेशी मरतात, बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, तगतात. मग ते पाणी दहा-दहा पट पातळ करत गेले आणि अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरलं. दुसऱ्या दिवशी वसाहती मोजल्या. एका पुडक्यात छापल्याच्या जवळपास, दुसऱ्यात साधारण दहावा हिस्सा. तिसऱ्याच्या बशीवर एवढी सरमिसळ होती की मोजायचा प्रश्नच आला नाही. पहिलं पुडकं घेतलं. ते सर्वांत महाग नव्हतं, ही त्यातली गंमत.

बीजाणू करणारा जंतू का घ्यायचा, याचं उत्तर आमच्या गोदामात आहे. एप्रिलमध्ये पत्र्याखाली हात ठेववत नाही. दह्यातले लॅक्टोबॅसिलस तिथे टिकायचे नाहीत, बॅसिलस टिकतो.

२० फेब्रुवारी

बीज सोडलं. वनामी जातीच्या कोळंबीची पिल्लं तमिळनाडूतल्या हॅचरीतून विमानाने गोव्यातल्या मोपाला आणि तिथून रात्रीच्या टेम्पोने. रोगजंतू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा अहवाल सोबत होता. चौरस मीटरला ३०. कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीची कमाल मर्यादा ६० आहे, पण आमच्या विजेच्या भरवशावर ६० टाकणं म्हणजे जुगार. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून तलावाचं पाणी हळूहळू आत घेतलं. क्षारता ३० पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३० भाग मीठ. उन्हं वर यायच्या आत काम संपलं.

६ मार्च

आंबवणाचं पहिलं ड्रम. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रममध्ये तलावाचं गाळलेलं पाणी, भाताचा बारीक कोंडा, गूळ, मूठभर पावडर, आणि खाली लहान ब्लोअरचा दगड. बॅसिलसला हवा लागते. झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत भलतेच जंतू वाढतात. संध्याकाळपर्यंत वर तपकिरी फेस आला, सकाळी तो बसला आणि आंबूस, भाकरीच्या पिठासारखा वास सुटला. कुजक्या अंड्याचा वास आला तर ड्रम तिथेच ओतून टाकायचं, असं गड्याला बजावलंय.

काका बांधावरून बघत होते. “सुंगटांका ताक पाजतंस काय गो?”

सुंगटं म्हणजे कोळंबी. पाजते म्हटलं. सकाळी नऊनंतर, ऊन चढल्यावर, पंखे चालू असताना. रात्री नाही.

आता हिशेब, जो मला सुरुवातीपासून करायचा होता. अर्ध्या हेक्टरच्या तलावात साधारण ६,५०० घनमीटर, म्हणजे ६५ लाख लिटर पाणी. ग्रॅमला एक अब्ज जंतू असलेली किलोभर पावडर त्यात मारली, तर मिलिलिटरला जेमतेम दीडशे जंतू येतात. तलावाच्या पाण्यात मुळातच मिलिलिटरला हजारोंनी, लाखोंनी जंतू असतात. त्यांच्यात हे दीडशे. पुडक्यात छापल्याच्या दहावाच हिस्सा असेल तर पंधरा.

तीच पावडर खाद्याला किलोमागे पाच ग्रॅम लावली, तर खाद्याच्या एका ग्रॅमला पन्नास लाख. ते थेट कोळंबीच्या आतड्यात जातात. पाण्यात मारायचंच असेल तर आधी ड्रममध्ये वाढवून मारण्यात अर्थ आहे. पण ड्रम निर्जंतुक नसतं. आत नक्की काय वाढलं ते बशीवर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आजच्या ड्रमची बशी ठीक होती. पसरट, कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती जास्त, बाकी थोडा कचरा.

जपानमध्ये १९८६ साली कोझासा यांनी यलोटेल माशांना बॅसिलसचे बीजाणू दिले, तेही खाद्यातूनच. मत्स्यशेतीतल्या प्रोबायोटिकची सुरुवात तिथून धरतात. पाण्यावर पावडर फेकायची रीत आपल्याकडे एवढी का फोफावली, याचं माझं उत्तर साधं आहे. पाण्यावर मारायला पुडकी जास्त लागतात.

१४ मार्च

पौर्णिमा. गडी शिमग्याला गावी, बांधावर मी, काका आणि काकी. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती उठलं ते बघायच्या ताटात) पारदर्शक काती दिसतायत. चारही तलावांत खाद्य नेहमीपेक्षा कमी उठलं. कात टाकताना कोळंबी खात नाही, म्हणून आज-उद्या खाद्य कमी.

कात टाकताना कोळंबी नुसतं वरचं कवच सोडत नाही. आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तरही त्या कातीबरोबर जातं, आणि त्यावर बसलेले जंतूही गेले. त्यामुळे एकदा दिलं आणि काम झालं, असं इथे नसतं. तलाव १ आणि २ मध्ये पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस चारही वेळच्या खाद्याला लावायचं, एरवी दोन वेळा, असं ठरवलं.

२५ मार्च

खाद्याला लावण्याचं काम काकींकडे गेलं ते बरंच झालं. माझ्या हातून गोळ्यांचा चुरा होत होता. काकी ताडपत्रीवर खाद्य पसरतात, पावडर थोड्या पाण्यात कालवून फवाऱ्याने मारतात, तळहात उपडा धरून खालून वर ढवळतात आणि शेवटी बाइंडर, म्हणजे लेप चिकटवणारं द्रव्य. मग अर्धा तास सावलीत. उन्हात वाळवायचं नाही. सोबत जे क जीवनसत्त्व जातं, त्याला ऊन आणि पाणी दोन्ही चालत नाही, म्हणून तेही साधं न घेता फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ रूप घेतलंय. बाइंडर नीट बसला नाही तर गोळी पाण्यात पडताच सगळं सुटतं, म्हणून ग्लासभर पाण्यात चार गोळ्या टाकून बघतो. पाणी लगेच गढूळ झालं की लेप फुकट.

पाग (फेकजाळं) टाकून वजन घेतलं. सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास, चारही तलाव जवळजवळ सारखे.

४ एप्रिल

टीसीबीएस बश्यांचा दिवस, म्हणजे खाऱ्या पाण्यातले, काही रोग करणारे व्हिब्रिओ जंतू मोजायच्या अगारचा. हे अगार कुकरमध्ये घालत नाहीत, नुसतं उकळून ओततात. पिवळ्या वसाहती म्हणजे साखर आंबवणारे व्हिब्रिओ, हिरव्या म्हणजे न आंबवणारे, ज्यांत पॅराहिमोलिटिकससारखे त्रासदायक येतात. पिवळे सगळे सज्जन आणि हिरवे सगळे चोर, असं नाही. पण हिरवे वाढू लागले की मी सावध होते.

पाण्याच्या बश्यांत १ आणि ४ मध्ये सांगण्यासारखा फरक नाही. फरक दिसला तो कोळंबीच्या यकृताच्या बश्यांत. १ आणि २ मध्ये हिरव्या वसाहती तुरळक, ३ आणि ४ मध्ये बऱ्याच जास्त. मार्चमधला हिशेब हेच सुचवत होता. वापरलेल्या बश्या कुकरमध्ये पूर्ण शिजवूनच फेकल्या. व्हिब्रिओ माणसालाही सोडत नाही.

अमेरिकेने परवा भारतीय मालावर २६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं आणि आज व्यापाऱ्याने फोनवर भाव पाडून सांगितला. आमची कोळंबी अजून पाण्यात आहे, पाच-सहा ग्रॅमची. काका दिवसभर गप्प.

१३ एप्रिल

तलाव ३ मध्ये वाऱ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या विष्ठेचे धागे तरंगताना दिसले. पागात आलेल्यांतली काही उजेडासमोर धरली. पाठीवरची आतड्याची रेघ तुटक, मधे मधे रिकामी. यकृताचा रंग मात्र बरा, तपकिरी. खाद्य तिसऱ्या हिश्शाने कमी केलं, कोपऱ्यातले धागे हाताने काढून पुरले. नमुने ईएचपीच्या पीसीआरसाठी रत्नागिरीमार्गे पाठवले.

दुपारी एका कंपनीचा माणूस हजर. बातमी कशी पोचते कोण जाणे. त्याच्याकडे ईएचपी “मुळापासून काढणारं” प्रोबायोटिक होतं. ईएचपी हा यकृताच्या पेशींच्या आत राहणारा सूक्ष्म परजीवी. आतड्यात फिरणारा बॅसिलस पेशीत शिरून त्याला बाहेर काढत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचंही तेच. १९९० च्या दशकात त्याने भारतातली टायगर कोळंबी झोपवली, आजही त्यावर औषध नाही. अशा रोगांना उपाय म्हणजे शुद्ध बीज, बांधाभोवती कुर्ल्या अडवणारं कुंपण आणि शेजाऱ्याचं सोडलेलं पाणी आपल्या तलावात न घेणं.

त्याच्या पिशवीत एक बिनलेबलचं पुडकंही होतं, “फक्त गरजेपुरतं”. ते काय असावं ते ओळखून काकांनीच त्याला वाटेला लावलं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांचा अंश मालात सापडला तर पूर्ण माल परत येतो. प्रोबायोटिकच्या नावाखाली प्रतिजैविक विकलं गेलं, तर पकडला जाणारा शेतकरीच असतो.

२१ एप्रिल

पीसीआर निगेटिव्ह. खाद्य कमी केल्यावर धागेही बंद झाले होते. बहुधा जास्तीचं खाद्य आणि तळाची शेवाळ. तलाव ३ चं खाद्य पूर्ववत.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. क्षारता ३६ पीपीटी, दुपारी पाणी ३३ अंश. अमोनियाने डोकं वर काढलं. १ मध्ये जितका, ४ मध्येही तितकाच, किटच्या रंगावरून तरी.

पुडक्यावर लिहिलेलं असतं “अमोनिया खातो”. खातो, पण फुकट नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना नायट्रीकरण करणारे जंतू साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन आणि सात ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) घेतात. गूळ घालून दुसऱ्या प्रकारचे जंतू वाढवले, तर ते अमोनिया आपल्या अंगात बांधतात, पण त्यांनाही ऑक्सिजन लागतोच. पहाटे साडेचारला मीटर घेऊन चारही तलाव फिरले. काल सकाळी १ मध्ये ड्रम ओतलं होतं, तिथे डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३.२. कोऱ्या तलाव ४ मध्ये ३.९. तलाव १ चा चौथा पंखा तातडीने लावला. आता ड्रमच्या दिवशी त्या तलावाचे सगळे पंखे रात्रभर.

सकाळी काकांना आकडे दाखवले. त्यांचं उत्तर वहीत तसंच लिहिते: “पावडर पंख्याची जागा घेवची नाय.”

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या क्वेरोझ आणि बॉइड यांनी १९९८ मध्ये मांजरमाशांच्या तळ्यांवरचा प्रयोग छापला होता. जंतू सोडलेल्या तळ्यांत मासे जास्त जगले, पण पाण्याच्या गुणधर्मांत फारसा फरक नव्हता. मासे का जास्त जगले, तेही उलगडलं नव्हतं. पुडक्यामागे मात्र पाण्याचेच दावे छापलेले असतात.

१२ मे

पौर्णिमा. सरासरी पंधरा ग्रॅम. खनिजं चारही तलावांत दिली. आत्ता खारेपणा भरपूर आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यातच आहे, तेव्हा हे थोडं देवाला नैवेद्य दाखवण्यासारखंच झालं. खरी गरज पाऊस पडल्यावर.

संध्याकाळी पलीकडच्या वाडीतल्या वहिनींनी बोलावलं. त्यांच्या लहान तळीत जिताडा आहे. मासे गोल गोल फिरत होते, तोल जात होता. त्या महिनाभर जेटीवरची कच्ची तारली-मांदेली तुकडे करून घालतायत. या जातकुळीतल्या बऱ्याच माशांत थायामिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. “प्रोबायोटिक देऊ काय?” त्यांनी विचारलं. नको म्हटलं. मासळी उकळून घाला, उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं, आणि काही दिवस बी-१ खाद्याला लावा. पुरवणी द्यायची तर कमतरता कशाची आहे ते आधी बघायचं. सगळ्यावर एकच पुडकं चालत नाही.

१९ मे

उद्यापासून कोकणात जोरदार पावसाचा इशारा. मे महिन्यात! व्यापारी म्हणतो, एका रात्रीत दोनच तलाव उचलता येतील, बर्फ तेवढाच आहे. काकांच्या मनात १ आणि २ होते. मी १ आणि ४ मागितले. सगळं दिलेला आणि काहीच न दिलेला तलाव एकाच दिवशी, एकाच हवामानात निघाले, तरच तुलनेला अर्थ. काकांनी ऐकलं. कवच कडक, हार्वेस्टपूर्व (प्रतिजैविकाच्या अंशाच्या) चाचणीचा कागद हातात. रात्री दहाला पाणी सोडायला सुरुवात, पहाटेपर्यंत गाडी भरली.

२१ मे

पाऊस आणि वारा. २ आणि ३ च्या उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी सोडतोय. गोडं पाणी हलकं, खाऱ्यावर तरंगतं. पंखे बंद पडले तर दोन थर होतात आणि खालच्या थरात प्राणवायू संपतो. बांधावर चुना पसरला. वीज गेली, जनरेटरवर चाललंय. खाद्य निम्म्यावर. ड्रम बंद. अशा वेळी तलावात आणखी श्वास घेणारं काही सोडायचं नाही.

२४ मे

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आज रत्नागिरी-दापोलीच्या बाजूने किनाऱ्यावर चढला. क्षारता ३६ वरून २४. दोन्ही तलावांत एकदम कात. पागातली निम्मी मऊ. पोटॅशियम-मॅग्नेशियमची खनिजं आज मोकळ्या हाताने, पाण्यात आणि खाद्यातून दोन्हीकडे. बारा तारखेला दिली नसती तरी चाललं असतं, ती आज कामाला आली असती.

२६ मे

मान्सून कालच देवगडला पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एवढ्या लवकर धरलेला आम्हाला आठवत नाही. ३ मध्ये काठावर मेलेल्या सापडतायत, रोज पाटीभर. २ मध्ये तुरळक.

३० मे

कवच बऱ्यापैकी आवळलं. २ आणि ३ उचलले. ३ मधली मऊ कोळंबी वेगळी काढली, तिला भाव पडून.

४ जून

हिशेब.

१ आणि ४ ची जोडी : सरासरी वजनात फरक नगण्य. १ मध्ये थोडी जास्त कोळंबी जगली. खाद्याचं गुणोत्तर (किलोभर कोळंबीला लागलेलं खाद्य, किलोत) १ चं १.३४, ४ चं १.४३. त्यातून वाचलेले पैसे पाण्याच्या आणि तळाच्या पावडरीत, ड्रमच्या गुळात आणि चौथ्या पंख्याच्या विजेत गेले. हातात ४ पेक्षा थोडं कमीच उरलं.

२ आणि ३ ची जोडी पावसात सापडली, म्हणून हात राखून लिहिते. २ मध्ये मर कमी, मऊ माल कमी, गुणोत्तर १.३६. खर्च फक्त खाद्याला लावलेल्या पावडरीचा, जो १ च्या खर्चासमोर किरकोळ. काकांना हा एकच आकडा पुरेसा वाटला. माझ्यासाठी तो पुढच्या पिकात तपासायचा आकडा आहे.

ऑक्टोबरच्या पिकासाठी : दोन तलावांत खाद्यातून, दोन कोरे, चिठ्ठ्या टाकून. पाण्यावरची पावडर बंद. त्या पैशात एक पंखा आणि स्वतःचा डीओ मीटर, आत्ताचा मागून आणलेला आहे. पुरवठादाराला कळवलंय की पुडकी ऑगस्टनंतर बनलेली हवीत आणि प्रत्येक बॅचचं एक पुडकं आधी बशीवर जाईल, पैसे त्यानंतर. त्याचं उत्तर अजून यायचंय.